‘चालते ना’ म्हणता? मग सही करा

आमच्या वऱ्हाडात दोन शब्दांवर अख्खा संसार चालतो. ‘चालते ना.’ नळ गळतो, चालते ना. गाडीचा इंडिकेटर लागत नाही, चालते ना. प्रोजेक्ट रिपोर्ट मागच्या बॅचचा आहे, फक्त नावं बदललीत, चालते ना बे. मी हे शब्द ऐकत मोठा झालो. नंतर पुण्यात सहा वर्षं कोड लिहिताना तेच वापरले. तिथे त्याला जरा भारदस्त नावं आहेत, ‘क्विक फिक्स’, ‘फेज टू मध्ये बघू’, एवढाच फरक.

हा लेख या दोन शब्दांविरुद्ध आहे. आणि त्यांचा लाडका भाऊ जो ‘जुगाड’, त्याच्याविरुद्धही आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे एक प्लास्टिकचं विमान आहे. त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा सेंटिमीटरसुद्धा भरत नाहीत.

विमान शेपटीवर बसलं

२०२५च्या ऑगस्टमध्ये मी लॅपटॉप घेऊन चिखलदऱ्याला मामांकडे राहायला गेलो. कारण ‘वर्क फ्रॉम होम’ असं सांगितलं होतं. खरं कारण पुढे येईल. ज्यांनी चिखलदरा फक्त वीकेंडला, मोझरी पॉइंटवर कणीस खाताना पाहिलंय, त्यांना तिथला ऑगस्ट ठाऊक नाही. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटर उंचीवरच्या पठारावर ढग दाराची कडी न वाजवता घरात येतो. दोरीवरचे कपडे चार दिवस ओले राहतात. काडेपेटी डब्यात ठेवावी लागते.

मामा वायुदलातून निवृत्त झालेले. अधिकारी नव्हे, वैमानिक तर नव्हेच. एअरफ्रेम फिटर. वीस वर्षांतली बरीचशी मिग-२१च्या पोटाखाली पाठीवर पडून काढलेली. त्या सप्टेंबरच्या २६ तारखेला चंदीगडला मिग-२१चा निरोप समारंभ होणार होता. १९६३ साली जिथे पहिली विमानं दाखल झाली, तिथेच शेवट. मी ठरवलं, त्या दिवशी मामांच्या हातात त्यांचं विमान द्यायचं. एकास बहात्तर प्रमाणातलं किट ऑनलाइन मागवलं. खऱ्या मिगचे पंख ७.१५ मीटर, त्याला ७२ने भागा. म्हणजे पंख दहा सेंटिमीटरच्या आतच.

कॉलेजात असताना मी दोनतीन किटं जोडली होती, त्यामुळे माज होता. माहितीपुस्तिका चाळली आणि सुरुवात केली. दोन संध्याकाळींत धड जोडलं, पंख लावले, चाकं लावली. टेबलावर ठेवलं तर विमानाने नाक वर केलं आणि ते शेपटीवर बसलं.

कारण साधं आहे. मिगला पंखांखाली दोन चाकं आणि नाकाखाली एक. प्लास्टिकच्या पोकळ धडात मागचा भाग जड होतो, म्हणून जोडण्याआधी नाकातल्या शंकूमागे वजन भरायचं असतं. पुस्तिकेत ते लिहिलेलं होतं, चित्रासकट. मी ती पायरी गाळली होती. आणि ती नंतर करता येत नाही, कारण तोवर धड बंद झालेलं असतं.

मी काय केलं? बॉलपेनच्या पारदर्शक नळीचा तुकडा कापला आणि शेपटीखाली टेकू म्हणून चिकटवला. विमान सरळ उभं राहिलं. मामेभावाचा सातवीतला पोरगा बाजूला बसून बघत होता. तो खूश झाला. “काय जुगाड केला काका!” मीही खूश झालो. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी मामा आले, चष्मा लावला, वाकून पाहिलं. “काडी काढ.”

“मामा, चालते ना. दिसत पण नाही.”

मामा शांतपणे म्हणाले, “चालते म्हन्तं ना तू? मंग सही कर.”

मला कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं.

सही म्हणजे काय

वायुदलात प्रत्येक विमानाची एक वही असते. फॉर्म ७००. कोणता पॅनेल उघडला, कोणता भाग बदलला, कुणी बदलला, कुणी तपासला, सगळं त्यात. काम करणारा सही करतो, त्याच्या वरचा तपासून सही करतो, आणि शेवटी वैमानिक ती वही पाहून सही करतो, मगच विमान त्याचं होतं. काम संपल्यावर अवजारं मोजायची. एक पाना कमी भरला तर विमान जागचं हलत नाही. तो सापडेपर्यंत माणसं शोधत राहतात, कारण विसरलेला पाना हवेत कुठे जाऊन अडकेल याचा नेम नाही.

“रात्री दोन वाजता थंडीत हात वाजते,” मामा सांगत होते, “पॅनेलचे सतरा स्क्रू लावले, एक राह्यला. कोनाले दिसते? कोनालेच नाई. पन सही आपली असते.”

मिग-२१च्या बाबतीत सही ही हलकी गोष्ट नव्हती. २०१२ साली तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले होते: ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांना अपघात, १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी. हा आकडा मिग घराण्याच्या सगळ्या विमानांचा आणि १९७१पासूनच्या चाळीस वर्षांचा आहे. कारणांमध्ये माणसाची चूकही होती, यंत्राचा बिघाडही होता. ‘उडती शवपेटी’ हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलाय, २००६च्या ‘रंग दे बसंती’ने तर तो राग घराघरात नेला. पण वैमानिक गेल्यावर त्या वहीत ज्यांच्या सह्या असतात, त्यांच्यावर सिनेमा निघत नाही.

मामांच्या वाट्याला असा एक दिवस आला होता. त्यांनी तयार करून दिलेलं विमान परत आलं नाही. वही जप्त झाली. चौकशी लागली. अकराव्या दिवशी कळलं की इंजिनात पक्षी गेला होता. मिगला इंजिन एकच, ते गेलं की संपलं.

“थे अकरा दिवस मी एक एक स्क्रू आठवत होतो,” मामा म्हणाले. आणि मग उठून आत गेले.

मी टेकू काढला. दुसऱ्या दिवशी बारीक करवतीने धड शिवणीवर कापलं. परतवाड्याहून येणाऱ्या जीपवाल्याकडून गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या मागवल्या, नाकात बसवल्या, हात साबणाने धुतले. चार दिवसांचं काम पुन्हा केलं.

साधन नसणं आणि पायरी गाळणं

आता तुमच्या मनात काय आलंय ते मला माहीत आहे. ‘पुण्यात पगार घेणाऱ्याला जुगाडाला नावं ठेवायला काय जातं? इथे वस्तूच मिळत नाहीत. माणूस काहीतरी करून भागवतो, त्यात वाईट काय?’

प्रश्न बरोबर आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. साधन नसणं वेगळं आणि पायरी गाळणं वेगळं.

चिखलदऱ्यात बसून मी जे विमान केलं, त्यात मॉडेलवाल्यांच्या दुकानातलं जवळपास काही नव्हतं. कॉकपिटवरची पारदर्शक काच चिकटवायला मी फेविकॉल वापरला. ऐकून हसू येईल, पण त्या कामाला तो उत्तम गोंद आहे. तो पाण्यावर आधारित आहे, वाळला की पारदर्शक होतो, जास्तीचा ओल्या फडक्याने पुसता येतो, आणि काचेला ओरखडा न पाडता पुढे कधी काढताही येतो. जगभरचे मॉडेलवाले याच जातीचा गोंद काचेला लावतात, फक्त छोट्या बाटलीत महागडा घेतात.

आणि जुगाड कोणता? फेविक्विक. तो पाच सेकंदांत चिकटतो, म्हणून मोह होतो. पण त्याची वाफ काचेवर बसते आणि काच आतून धुरकट पांढरी होते. ते मग पुसता येत नाही, कारण तोवर काच बसलेली असते. दोन्ही गोंद कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात. दोन्ही स्वस्त. म्हणजे मुद्दा गरिबीचा नाही. एक गोंद रात्रभर थांबायला लावतो आणि दुसरा लावत नाही, मुद्दा एवढाच आहे.

तसंच घासकामाचं. परदेशी व्हिडिओत स्पंजचे रंगीबेरंगी सँडिंग स्टिक असतात. मी गाडीच्या पेंटिंगवाल्याकडचा वॉटर पेपर घेतला, ४०० नंबरापासून २०००पर्यंत, आणि आइस्क्रीमच्या काडीवर चिकटवला. हा जुगाड नाही. काम तेच झालं, साधन बदललं. पण ४००नंतर थेट २०००वर उडी मारली असती तर तो जुगाड झाला असता. कारण ४००चे ओरखडे २०००च्या कागदाने निघत नाहीत, फक्त चमकतात. प्रत्येक नंबर आधीच्या नंबराचे ओरखडे खोडायला असतो.

मेळघाटात हे मी सांगायची गरज नाही. कोरकू गावांमध्ये बांबूचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. बांबू कधी तोडायचा, किती दिवस पाण्यात ठेवायचा, हे ठरलेलं असतं. पाण्यात ठेवला की त्यातला पिष्टाचा अंश जातो आणि भुंगा लागत नाही. लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्राने तर या कसबावर किती वर्षं काम उभं केलंय. न भिजवलेल्या बांबूची टोपली पहिल्या दिवशी अगदी तशीच दिसते. वर्षाने तिची भुकटी पडते. ज्यांच्याकडे खरोखर साधन नसतं, ते पायरी सहसा गाळत नाहीत. दुसरी टोपली करायला त्यांना वेळ आणि बांबू फुकट मिळत नाही. पायरी गाळण्याची चैन आपल्यासारख्यांना परवडते. पुढचा रिलीज आहे, पुढचा पगार आहे.

आणि जुगाडाचं कौतुक तरी कोण करतं? पंपाचं इंजिन लाकडी गाड्यावर बसवून, ब्रेकचा भरवसा नसलेली ती गाडी जो चालवतो, तो करत नाही. तो नाइलाजाने चालवतो. २०१२ साली त्या शब्दावर इंग्रजीत एक गाजलेलं मॅनेजमेंटचं पुस्तक निघालं आणि मग एसी हॉलमधल्या भाषणांत ‘भारतीय जुगाड’ हा अभिमानाचा विषय झाला. दुसऱ्याच्या नाइलाजाला आपण ‘इनोव्हेशन’ म्हणायला लागलो. त्याला धड ब्रेकची गाडी मिळायला हवी होती, हे म्हणायचं राहूनच गेलं.

झाकल्या जाणाऱ्या पायऱ्या

प्लास्टिकचं मॉडेल करणं म्हणजे, थोडक्यात, एकावर एक थर देणं. आणि जवळजवळ प्रत्येक थर पुढच्या थराखाली जातो. म्हणूनच मला हा छंद शाळेत शिकवावासा वाटतो.

आधी जोडणी. पॉलिस्टायरीनचं खास सिमेंट असतं. ते गोंदासारखं मध्ये बसत नाही, दोन्ही बाजूंचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. पातळ सिमेंट ब्रशने फटीला टेकवलं की आपोआप आत ओढलं जातं. मग थांबायचं. एक दिवस तरी. कारण वरून कडक वाटलं तरी शिवण आत मऊ असते आणि घाईने घासली तर नंतर खचते, म्हणजे रंग दिल्यानंतर आठवड्याने तिथे बारीक खोबण दिसते.

मग पुट्टी, मग घासणं, मग करडा प्रायमर. प्रायमर हा रंग नाही, तो तपासनीस आहे. घासलेल्या प्लास्टिकवर न दिसलेली प्रत्येक भेग तो दाखवतो. नवशिक्याला याच क्षणी रडू येतं, कारण आता पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं, पुन्हा प्रायमर. मी तीन वेळा केलं. इथे ‘चालते ना’ म्हणणारा रंग देऊन मोकळा होतो.

रंगाचं गणित बघा. एकास बहात्तर प्रमाणात रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड झाला, तर खऱ्या विमानावर तो ७.२ मिलिमीटरचा गिलावा झाला. म्हणून रंग दुधाइतका पातळ करायचा आणि एका जाड हाताऐवजी चारपाच हलके हात द्यायचे. मग चकचकीत वार्निश. ते कशाला, शेवटी तर विमान मॅट करायचंय? कारण खरबरीत पृष्ठभागावर पाण्याने बसवायचं चित्र, म्हणजे डिकल, लावलं तर त्याखाली हवा अडकते आणि तिरंग्याच्या वर्तुळाभोवती चंदेरी कडा दिसते. ते वर्तुळ विमानावर रंगवलेलं न वाटता स्टिकर वाटतं. आधी चकचकीत, मग डिकल, मग पुन्हा वार्निश, मग पॅनेलच्या रेषांत पातळ काळपट ऑइल कलर, जास्तीचा वाऱ्याच्या दिशेने पुसून घ्यायचा, आणि सगळ्यात शेवटी मॅट. हा क्रम कुणी गंमत म्हणून ठरवलेला नाही. वरच्या थराचं थिनर खालच्या थराला सोसलं पाहिजे, म्हणून तो तसा आहे.

आता मला विचारा, यातल्या किती पायऱ्या शेवटी दिसतात? एक. फार तर दीड.

माझा मुद्दा एवढाच आहे: जी पायरी पुढच्या पायरीखाली झाकली जाणार आहे, ती गाळायची नाही. जी वर दिसते तिच्याशी हवं तेवढं खेळा. रंगछटा बदला, मळकट करा, करू नका. काही लोक विमानाची प्रत्येक रेष काळी करून ते कोळशाच्या वखारीतून आणल्यासारखं करतात; मामांनी तसे फोटो पाहून एवढंच विचारलं, “याले कोनी पुसत नोतं काय?” पण ती आवडीनिवडीची गोष्ट आहे, भांडण नाही. भांडण झाकल्या जाणाऱ्या पायऱ्यांचं आहे, कारण तिथे तुमच्याशिवाय दुसरा साक्षीदार नसतो.

आणि हो, सगळ्याच पायऱ्या पवित्र नसतात. जर्नलमध्ये उजवीकडे समास सोडून तेच तेच उतरवून काढणं ही पायरी नव्हे, ती शिक्षा आहे. फरक ओळखायचा एक प्रश्न आहे: ही पायरी कशासाठी? उत्तर मिळालं तर गाळू नका. कुणालाच उत्तर देता येत नसेल तर खुशाल गाळा, माझा पाठिंबा आहे.

दीडशे रुपयांचा जॉब

माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप होतं. फिटिंगचा जॉब असायचा: लोखंडाचे दोन तुकडे कानसने घासून एकमेकांत बसवायचे. मी दोन दिवस घासलं, हाताला फोड आले, तुकडे बसले नाहीत. मग कळलं की दीडशे रुपयांत तयार जॉब मिळतो. सगळे घेत होते. मीही घेतला. त्यावर माझा रोल नंबर ठोकला आणि पंचवीसपैकी बावीस मिळाले. ते कॉलेज कोणतं हे सांगण्यात अर्थ नाही. तुमचंही तेच असेल.

त्या दीडशे रुपयांचं व्याज मी गेल्या जूनमध्ये भरलं. चिखलदऱ्याला जाण्याचं खरं कारण ते होतं. एका डेटाबेसची रचना बदलायची होती. स्क्रिप्ट मी लिहिली. आधी डेटाच्या प्रतीवर चालवून बघायची, हा नियम मीच टीमला शिकवलेला. शुक्रवार होता, उशीर झाला होता, स्क्रिप्ट आठ ओळींची होती. मी म्हणालो, चालेल. नुकत्याच लागलेल्या एका मुलीने माझ्या सांगण्यावरून ती चालवली. ग्राहकाच्या सहा तासांच्या ऑर्डरी पुसल्या गेल्या. सोमवारी मीटिंगमध्ये प्रश्न आला, कुणी चालवली? तिचं नाव पुढे आलं. मी गप्प राहिलो. बुधवारी मी सांगितलं की स्क्रिप्ट माझी, चाचणी न करण्याचा निर्णय माझा. दोन दिवस मी तिच्या सहीमागे लपलो होतो. ऑर्डरी बऱ्याचशा परत मिळवल्या. ते दोन दिवस परत मिळाले नाहीत, माझे नाही आणि तिचे तर नाहीच.

म्हणून मामांनी ‘मंग सही कर’ म्हटलं तेव्हा मला ते प्लास्टिकबद्दल वाटलं नाही.

‘हे काय, नुसतं जोडायचं?’

मॉडेलवाल्यांना कायम ऐकावं लागणारं एक वाक्य आहे: तुकडे तर कंपनीने बनवले, तू फक्त जोडलंस. यात निर्मिती कुठे आहे?

या वाक्याचं उत्तर नाशिकजवळ ओझरला आहे. १९६०च्या दशकात हिंदुस्तान एरोनॉटिक्सने तिथे मिगचा कारखाना उभारला. विमानाचं धड ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला. पण पहिल्याच दिवशी कुणी धातूच्या पत्र्यापासून मिग बनवलं नाही. सुरुवातीची विमानं सोव्हिएत युनियनमधून सुट्या भागांच्या रूपात आली आणि इथे जोडली गेली. म्हणजे किट. मग हळूहळू भाग इथे बनू लागले, मग कच्च्या मालापासून. जोडता जोडता बनवायला शिकले. ज्याने दुसऱ्याचं विमान नीट जोडलंय, त्यालाच कळतं की तो भाग तसा का आहे.

मॉडेल हे पोरखेळ नव्हे याचाही दाखला आहे. १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी मॉडेल विमानं करून मागितली, याच एकास बहात्तर प्रमाणात. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावं म्हणून. पंखाचा कोन चुकला तर आपल्याच माणसावर गोळी. शाळेतल्या पोरांच्या कानसकामावर तेवढा भार होता.

आणि आपल्या मराठी माणसाचंच उदाहरण घ्यायचं तर कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं, २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. गच्ची ऐकून आपण ‘काय जुगाड!’ म्हणतो आणि तिथेच त्या माणसाचा अपमान करतो. गच्ची हे साधन नसणं होतं. पुढे नोंदणीसाठी, परवानग्यांसाठी आणि चाचण्यांसाठी त्यांनी काढलेली वर्षं बघा. त्यांनी पायऱ्या गाळल्या असत्या तर ते विमान गच्चीवरच बरं होतं.

२६ सप्टेंबर

आता कबुली. माझं विमान वेळेत झालं नाही.

१८ सप्टेंबरला शेवटचा लॅकर वार्निश द्यायचा होता. बाहेर ढग उतरलेला, भिंतीला पाणी सुटलेलं. अशा हवेत लॅकर मारू नये हे मला ठाऊक होतं. थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि वार्निश ताकासारखं पांढरं होतं. पण तारीख जवळ आली होती. मी मारलं. पाच मिनिटांत करडं विमान बुरशी लागल्यासारखं दिसू लागलं.

म्हणजे एवढा सगळा उपदेश ऐकूनही मी पुन्हा तेच केलं. ही सवय एका पावसाळ्यात जात नाही.

मी काहीच बोललो नाही. पोरगा म्हणाला, “काका, वरून पांढराच रंग देऊन टाका ना. चालते.” मी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तू सही करशील?” तो विचारात पडला. मग म्हणाला, “नाई.” आम्ही दोघांनी मिळून स्वच्छ डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकून त्यात विमान ठेवलं आणि उघडीपीची वाट पाहिली. उघडीप सप्टेंबर संपेपर्यंत आली नाही.

२६ तारखेला मामांनी फोनवर चंदीगडचा समारंभ पाहिला. नेट अडकत होतं, मिग मध्येच थांबायचं आणि पुन्हा उडायचं. टेबलावर अर्धवट, डागाळलेलं विमान होतं. ते लपवून ठेवायचं माझ्या मनात आलं होतं. नाही ठेवलं. मामांनी ते उचललं, उलटं केलं, पोटाखालची शिवण अंगठ्याने चाचपली. जिथे कापून पुन्हा जोडलं होतं, तिथे अंगठा दोनदा फिरला.

“इथंच कापलं होतं ना?”

“हो.”

“लागत नाई हाताले.”

ऑक्टोबरमध्ये कोरडं ऊन पडल्यावर हलक्या हाताने थिनरचा फवारा देऊन पांढुरका थर बराचसा गेला. उजव्या पंखावर एक डाग उरलाय. तो मी झाकला नाही. पुठ्ठ्याच्या एका कार्डावर सगळ्या पायऱ्या लिहिल्या, तारखांसकट: वजन विसरलो, कापलं, पुन्हा जोडलं, दमट हवेत वार्निश मारलं, पंखावर डाग. खाली सही केली. ‘तपासलं’ या शब्दापुढे मामांनी केली. पोरगा हट्टाला पेटला म्हणून तिसरी त्याची आहे.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५पासून प्रवासी विमान उडायला लागलंय. मुंबईला जाणारं, दोन पंख्यांचं एटीआर. आमच्या भागातली पोरं आता तिथे कामाला लागतील, कुणी सामान चढवायला, कुणी पॅनेलचे स्क्रू लावायला. त्या विमानात तुम्ही बसाल, मी बसेन. रात्री दोन वाजता, थंडीत, सतरावा स्क्रू लावताना त्या पोराच्या डोक्यात कोणते दोन शब्द येतील, हे आपण त्याला शाळेत काय करायला दिलं त्यावर ठरणार आहे. दीडशे रुपयांचा तयार जॉब दिला, की वॉटर पेपरचे सगळे नंबर दिले.

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘चालते ना’ म्हटलं तर वाद घालू नका. कागद पुढे करा, पेन द्या.